पडद्यावरचे दाणे ताटापर्यंत

इंग्रजी शब्दाचा बरोबर अर्थ निवडला की पडद्यावरच्या वाडग्यात तांदळाचे दहा दाणे पडतात. पुढचा शब्द, पुढचे दहा. जॉन ब्रीन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये फ्रीराइस सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवशी ८३० दाणे जमले होते, म्हणजे जेमतेम ८३ बरोबर उत्तरं. २००९ मध्ये त्यांनी हा खेळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपवला. समाजमाध्यमांवरचे खेळ आणि दानाची ॲप हा अभ्यासाचा विषय घेतल्यावर मी सुरुवात इथूनच केली, कारण इथला हिशेब घरच्या स्वयंपाकघरात करून बघता येतो.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दहा दाणे ठेवले तर आकडा हलत नाही, शून्यच राहतो. हे काटे साधारण एका ग्रॅमपासून मोजतात. फ्रीराइसच्या गणितात ४८ दाण्यांचा एक ग्रॅम धरतात. आपला कोलम बारीक, त्याचे ग्रॅमला याहून बरेच जास्त दाणे भरतात. पण हिशेबाला ४८ धरू. एका माणसाच्या दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १९,२०० दाणे. उत्तराला दहा दाणे या हिशेबाने १,९२० बरोबर उत्तरं. एका प्रश्नाला सहा सेकंद लागले तर ११,५२० सेकंद, म्हणजे तीन तास बारा मिनिटं, तीही एकही उत्तर न चुकता. किलोला पन्नास रुपये भाव धरला तर एवढ्या मेहनतीची किंमत वीस रुपये होते.

हे गणित मांडलं की पहिल्यांदा निराशा येते. पण निराश व्हायच्या आधी ते वीस रुपये कोणाच्या खिशातून गेले ते बघायला हवं. खेळणाऱ्याच्या खिशातून नाही गेले. पानावर ज्याची जाहिरात दिसते तो प्रायोजक पैसे देतो, ते पैसे अन्न कार्यक्रमाकडे जातात आणि त्यातून गरज असेल तिथे मदत पोचते. त्या वाडग्यातले दाणे पोत्यात भरून कुठे रवाना होत नाहीत. दाणा हे फक्त माप आहे. खेळणाऱ्याच्या पदरात मात्र तीन तासांत शेकडो नवे शब्द पडतात. ब्रीन यांनी हा खेळ बनवला तोच मुळात मुलाच्या परीक्षेच्या तयारीसाठी. माझ्या मते फ्रीराइसचं खरं बळ त्या शब्दांत आहे. शिकायचं होतंच, ते शिकताना दुसऱ्याच्या पैशांना चांगली वाट मिळाली.

दाणे, झाडं, थाळ्या, किलोमीटर, हृदयं, नाणी: प्रत्येक ॲपचं माप वेगळं असतं आणि आकडा मोठा दिसेल असंच ते निवडलेलं असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या मापाचे रुपये करणं आणि शेजारी आपला वेळ लिहिणं. मी साध्या शंभर पानी वहीत रकाने आखले: तारीख, ॲपमध्ये घालवलेली मिनिटं, बघितलेल्या जाहिराती, खर्च झालेला डेटा, जमलेलं माप. सहावा रकाना रुपयांचा. तो सुरुवातीला रिकामाच राहतो आणि तो भरण्यातच सगळा अभ्यास आहे. मिनिटं आणि डेटा अंदाजाने लिहू नयेत. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगखाली प्रत्येक ॲपचा वेळ मिळतो आणि नेटवर्कखाली डेटा मिळतो. आठवडाभर तरी नोंद हवी, कारण पहिले दोन दिवस कुठलाही खेळ सढळ हाताने देतो. स्वागताची नाणी, पहिल्या दिवसाचा दुप्पट बोनस, लगेच चढणारी लेव्हल. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हात आखडतो आणि खरा दर दिसू लागतो.

इन्स्टॉल करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. ॲप कोणी बनवलंय ते नाव, आणि प्ले स्टोअरवरचा डेटा सेफ्टीचा भाग, म्हणजे ॲप आपली कोणती माहिती घेतं ते. चालण्याचं ॲप पावलं आणि स्थान मागणार, ते समजू शकतं. शब्दकोड्याच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी? ती मागितली की ओळखावं, पुढे मित्रांना आमंत्रणं जाणार आहेत.

या खेळांचा सांगाडा समजून घ्यायचा तर फार्मव्हिलकडे जावं लागतं. झिंगा कंपनीने तो जून २००९ मध्ये फेसबुकवर आणला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला. स्ट्रॉबेरी पेरली की चार तासांनी काढायची, वेळेत गेलो नाही तर पीक वाळणार. शेजाऱ्याच्या शेतात जाऊन मदत करायची, भेटी पाठवायच्या, भेटीच्या बदल्यात भेट यायची. घड्याळ, नुकसानीची भीती आणि शेजाऱ्याची भीड या तीन खुंट्यांवर सगळा खेळ टांगलेला होता. आज दानाच्या ॲपमध्ये जी स्ट्रीक, म्हणजे सलग दिवसांची मोजणी, दिसते, ‘तुमचा मित्र तुमच्या पुढे गेला’ असं जे नोटिफिकेशन येतं, ते याच खुंट्यांवरचं आहे.

२००९ मध्येच झिंगाने हैतीसाठी फार्मव्हिलमध्ये रताळ्याचं खास बियाणं विकायला ठेवलं. विक्रीतला अर्धा वाटा मदतीला जाणार होता. अर्धा, हे लक्षात ठेवायचं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा फार्मव्हिल, माफिया वॉर्स आणि पोकर या खेळांतून खास वस्तूंची विक्री झाली आणि पाच दिवसांत जागतिक अन्न कार्यक्रमासाठी १५ लाख डॉलर जमले. देणारे तीन लाखांवर होते, म्हणजे माणशी पाच डॉलरच्या आसपास. फूल ना फुलाची पाकळी, पण पाच दिवसांत.

याच्या शेजारी त्याच काळातलं, त्याच फेसबुकवरचं दुसरं उदाहरण ठेवलं की विषय उलगडतो. कॉजेस नावाचं ॲप २००७ मध्ये आलं. एखाद्या प्रश्नाच्या पाठीशी उभं राहायचं, बटण दाबून सामील व्हायचं, मित्रांना बोलवायचं, वाटलं तर पैसे द्यायचे. सुदानमधल्या दार्फुरच्या लोकांसाठी तिथे जो गट झाला त्यात दहा लाखांहून जास्त सदस्य जमले. त्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये सोशिऑलॉजिकल सायन्स या नियतकालिकात आला. ९९.७६ टक्के सदस्यांनी एक पैसाही दिला नव्हता आणि सुमारे ७२ टक्के सदस्यांनी दुसऱ्या एकालाही आणलं नव्हतं. दहा लाखांच्या गटातून आलेली रक्कम एक लाख डॉलरच्या आतच राहिली.

लोक तेच, माध्यम तेच, मग फरक कशाचा? मला वाटतं, कॉजेसमध्ये ‘सामील व्हा’ हे बटण दाबल्याबरोबर श्रेय मिळून जात होतं. प्रोफाइलवर नाव झळकलं, मित्रांना दिसलं, काम झालं. पैसे देणं ही त्यानंतरची, वेगळी आणि न दिसणारी पायरी होती. फार्मव्हिलमध्ये उलट होतं. खेळातल्या वस्तूंसाठी पैसे मोजायची सवय लोकांना आधीच लागलेली, दुकान हाताशी, आणि पैसे दिल्याशिवाय ते पीक शेतात उगवणारच नव्हतं. शेजाऱ्याला ते दिसायचं, पण पैसे दिल्यानंतर. म्हणून कुठलंही ॲप तपासताना मी एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला: इथे शाबासकी कधी मिळते, पैसे हलण्याआधी की नंतर? आधी मिळत असेल तर तिथे गर्दी जमेल आणि गल्ला रिकामा राहील. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे, पण गणपतीची वर्गणी देताना आपण पावतीही फाडून घेतो आणि मंडळाच्या फलकावर नावही वाचतो. त्यात गैर काही नाही; फक्त फलकावर नाव लागतं ते वर्गणी दिल्यावर.

सामाजिक खेळ आणि खरं काम यांची सगळ्यात घट्ट वीण चीनमधल्या अँट फॉरेस्टमध्ये आहे. अलिपे या पैसे भरायच्या ॲपमध्ये तो ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाला. चाललात, बसने गेलात, बिल ऑनलाइन भरलंत की ‘हिरवी ऊर्जा’ ग्रॅममध्ये जमते. ती लगेच हातात पडत नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या झाडाभोवती हिरवे बुडबुडे पिकतात, त्यांना बोट लावून गोळा करायचं. उशीर केला तर मित्र येऊन त्यातला थोडा वाटा चोरून नेतो, आणि तीन दिवसांत उचलले नाहीत तर बुडबुडे विरून जातात. त्यामुळे सकाळी डोळे उघडल्याबरोबर लोक आधी स्वतःचे बुडबुडे वेचतात आणि मग मित्रांच्या झाडाखाली हात मारतात. वाळवंटात तग धरणाऱ्या साक्सौल झुडपासाठी १७.९ किलो ऊर्जा लागायची. चालण्याची दिवसाची कमाल मर्यादा २९६ ग्रॅम होती. म्हणजे नुसतं चालून, एकही दिवस न चुकता आणि काही चोरीला न जाता, ६१ दिवस. चोरलेली ऊर्जा वाया जात नाही, ती चोरणाऱ्याच्या झाडाला लागते. म्हणून गट म्हणून बघितलं तर खोड्या काढताना एकूण काम पुढेच सरकतं. ही रचना मला फार सुंदर वाटते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या उपक्रमाला चॅम्पियन्स ऑफ द अर्थ हा पुरस्कार दिला, तेव्हा पन्नास कोटी वापरणारे आणि बारा कोटींवर झाडं असा आकडा होता.

झाडांच्या ॲपमध्ये मात्र एक रकाना जास्त आखावा लागतो: लावलेली आणि जगलेली. आपल्याकडे १ जुलै २०१६ ला राज्यभर एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचा कार्यक्रम झाला होता. तेव्हापासून ‘खड्डे मोजले की झाडं’ हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि तो योग्यच आहे. रोप लावण्याचा खर्च एकदाचा असतो. पाणी, कुंपण, गुरांपासून राखण हे पुढची दोन-तीन वर्षं चालतं. ॲप ज्या संस्थेकडे झाडाचे पैसे देतं तिच्या अहवालात ‘जगण्याचं प्रमाण’ सापडलं नाही, तर आपल्या वहीत ते झाड अर्धंच धरावं. लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या फॉरेस्ट ॲपने निदान मर्यादा स्पष्ट लिहिली आहे: २,५०० नाणी जमली की एक खरं झाड, आणि एका खात्याला पाचच झाडं. पाचवं लागल्यावर पुढची सगळी नाणी फक्त खेळातली. अशी मर्यादा उघड सांगणारं ॲप मला ‘अमर्याद झाडं’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, कारण खरे पैसे कधीच अमर्याद नसतात.

मर्यादेचा हाच मुद्दा चालण्याच्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त चुकतो. अमेरिकेत २०१२ मध्ये आलेलं चॅरिटी माइल्स आणि पुण्यात सुरू झालेलं इम्पॅक्ट यांची कल्पना एकच: तुम्ही चाला, प्रायोजक अंतराप्रमाणे पैसे देईल. इथे प्रायोजकाने आधीच एक ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. भारतात ती बहुतेक वेळा कंपनीच्या सीएसआरमधून येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावाच लागतो. मग प्रश्न पडतो की आपण चाललो नसतो तर ते पैसे दिले गेले नसते का? बऱ्याचदा दिले गेलेच असते. चालणाऱ्यांच्या पावलांनी फार तर एवढं ठरतं की ते कोणत्या कामाला आणि किती लवकर जातील. म्हणून मोहिमेच्या पानावर दोन आकडे शोधायचे, एकूण रक्कम आणि आतापर्यंत भरलेली रक्कम. भरून झाली असेल तर तुमचं आजचं चालणं फक्त तब्येतीसाठी आहे. तेही चांगलंच आहे, पण वहीत शून्य लिहायचं.

पावलं मोजण्यातही गोंधळ होतात. फोनमधला संवेदक हादरे मोजतो, त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीत किंवा दुचाकीवर बसूनही पावलं वाढतात. जीपीएसवर चालणारं ॲप असेल तर उंच इमारतींच्या गल्लीत ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो आणि अंतर फुगतं. ॲप असा वेग किंवा उडी पकडतं आणि कधी कधी खरं चालणंही बाद करतं. सगळ्यात जास्त तक्रार असते ‘चाललो पण नोंदच नाही’ ही, आणि कारण बहुतेक वेळा बॅटरी सेव्हर असतं. पडदा बंद झाला की फोन मागे चाललेलं ॲप झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढलं आणि स्थानाची परवानगी नीट दिली की हा त्रास थांबतो. अंतर ताडून बघायला मैदानाची चारशे मीटरची धावपट्टी उत्तम: अडीच फेऱ्यांचा एक किलोमीटर. माणसाच्या उंचीप्रमाणे त्यात साधारण १,२०० ते १,५०० पावलं पडतात. ॲप याच्या फार बाहेरचं काही सांगत असेल तर आधी ॲप तपासावं.

आता थेट पैसे देण्याची ॲप. जागतिक अन्न कार्यक्रमाचं शेअर द मील २०१५ मध्ये आलं, त्यात एका मुलाच्या दिवसभराच्या जेवणाचा आकडा समोर असतो आणि बोट लावलं की तेवढे पैसे जातात. इथे खेळ कमी, व्यवहार सरळ. आपल्याकडे दानाच्या ॲपवर जे थांबून बघायला हवं ते रक्कम भरल्यानंतरच्या पानावर असतं. पाचशे रुपये निवडले की खाली ‘प्लॅटफॉर्मला टिप’ अशी ओळ येते आणि तिथे काहीतरी टक्के आधीच भरलेले असतात. बारा टक्के असतील तर साठ रुपये. शून्य करायची सोय असते, पण ती ‘इतर रक्कम’ या पर्यायाच्या आत लपलेली असते. ॲप चालवायला खर्च येतो, तो मागण्यात चूक नाही. तो विचारून मागावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा तेरा रचना सांगितल्या आहेत, आणि ग्राहकाला न विचारता टोपलीत दानाची रक्कम टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं दाखवणं यांचाही समावेश आहे.

खेळाच्या आत वस्तू विकत घेऊन दान होत असेल तर आणखी एक वाटेकरी असतो. ॲप स्टोअरमधून झालेल्या खरेदीवर स्टोअर आपला हिस्सा घेतं, तो तीस टक्क्यांपर्यंत असू शकतो. शंभराच्या वस्तूतले सत्तर कंपनीकडे आले आणि ‘उत्पन्नातला अर्धा वाटा’ दान असेल तर संस्थेला पस्तीस. त्यापेक्षा संस्थेच्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने शंभर टाकले तर शंभर पोचतात, कारण बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर घेणाऱ्याला शुल्क पडत नाही. कार्डाने दिले तर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी गेटवेत, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीत जातो.

मग संस्था कोणती ते शोधायचं. ‘आमचे भागीदार’ एवढंच लिहिलं असेल तर पुढे जाऊ नये. नाव मिळालं की नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण या संकेतस्थळावर शोधावं आणि संस्था महाराष्ट्रातली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक ताडावा. नावात एका शब्दाचा फरक असला तरी थांबावं, कारण ‘प्रतिष्ठान’ आणि ‘फाउंडेशन’ या दोन वेगळ्या संस्था असू शकतात. मग पन्नास-शंभर रुपये देऊन बघावेत. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते संस्थेचं आहे की एखाद्या माणसाचं, एवढं वाचायला दोन सेकंद लागतात.

पावतीवर संस्थेचं नाव, पॅन, ८०जीचा (देणगीवरच्या करसवलतीचा) क्रमांक, तारीख, रक्कम आणि आपलं नाव हवं. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण बोलताना सगळे ८०जीच म्हणतात.) विद्यार्थ्याला करसवलतीचा तसा उपयोग नाही, तरी देताना आपला पॅन द्यावा. त्याचं कारण वेगळं आहे. संस्था वर्षअखेर देणगीदारांची यादी आयकर खात्याला सादर करते आणि त्यातून आपल्याला १०बीई नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र मिळतं. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ते यायला हवं. ते हातात आलं म्हणजे आपले शंभर रुपये ॲपच्या पडद्यावरून निघून खरोखर संस्थेच्या वहीत लिहिले गेले. माझ्या सहाव्या रकान्यात आकडा पडतो तो त्या दिवशी.

अभ्यास संपल्यावर ॲप नुसतं काढून टाकू नये. आधी ॲपच्या आतून खातं बंद करावं, मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट उघडून बघावं. दान देताना ‘दरमहा’ हा पर्याय आधीच निवडलेला असेल तर तिथे परवानगी चालू दिसते, आणि ॲप काढलं तरी ती चालूच राहते. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते, पण ती इतर मेसेजच्या गर्दीत हरवते. रद्द करायला यूपीआय पिन लागतो. पिन टाकल्यावर ‘रद्द’ असं दिसेपर्यंत तो पडदा बंद करू नये.